दहापैकी किती

"काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही."

हे वाक्य ज्या आवाजात पहिल्यांदा कानावर पडलं, तो आवाज मापसाहेबांच्या कानात सत्तावीस वर्षं मुक्कामाला होता. आवाज त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या साहेबांचा. खर्जातला, तंबाखूने जरासा खरखरीत झालेला. नव्या उमेदवाराला त्यांनी तराजूपुढे उभं केलं होतं, काटा डावीउजवीकडे झुलत होता आणि उमेदवाराने उत्साहाच्या भरात आकडा सांगून टाकला होता. तेव्हापासून मापसाहेबांनी आयुष्यात एकही आकडा घाईने सांगितला नाही. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी उंची विचारली, तेव्हाही ते "बूट काढून सांगतो" म्हणाले होते.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जायचं, वजनं तपासायची, खरी असतील त्यांच्यावर मोहोर मारायची, खोटी असतील ती उचलून आणायची. एवढं सगळं बिल्डिंगला बोलण्यात मावेना, म्हणून बिल्डिंगने त्याचं मापसाहेब केलं. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू.

तर साथीचे दिवस होते. मापसाहेब तीन दिवसांचा दौरा करून आले आणि पाठोपाठ निरोप आला, की दौऱ्यात त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्लेला सहकारी आजारी पडला आहे. साहेब स्वतः ठणठणीत होते. पण नियम तो नियम, आणि नियमावर साहेबांइतकी माया कुणाचीच नव्हती. चौदा दिवस घरातल्याच एका खोलीत राहायचं. सरकारी भाषेत गृहविलगीकरण, आणि बिल्डिंगच्या भाषेत "साहेबांना आत टाकलंय."

खोली मागच्या अंगाची. एक लोखंडी खाट, एक शिलाई मशीन, एकावर एक ठेवलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या, लागून न्हाणीघर, आणि अंगणात उघडणारी खिडकी. दाराबाहेर एक स्टूल. वहिनींनी स्टुलावर ताट ठेवायचं, दारावर दोन टिचक्या मारायच्या, चार पावलं मागे सरायचं. मग साहेबांनी दार उघडायचं. दाराच्या अलीकडे एक माणूस, दाराच्या पलीकडे एक माणूस, आणि मधे दीड इंच लाकूड. त्या लाकडातून ताटाबरोबर वहिनींचं बोलणंही यायचं.

"अहो, पाणी आज लवकर गेलं. वरच्या मास्तरांनी कुंड्यांचं पाणी पुन्हा आपल्या चादरींवर सोडलं. भाजीत मीठ जास्त झालंय, मला माहीत आहे, सांगू नका."

साहेब आतून म्हणायचे, "हं."

चोवीस वर्षांच्या संसाराचं प्रमाण हेच होतं. तिकडून शंभर शब्द, इकडून एक हं. दोघांनाही कधी कमी पडलं नव्हतं.

पहिले दोन दिवस साहेब मजेत होते. खोली त्यांनी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा ती सारखीच भरली, याचं त्यांना समाधान वाटलं. खिशातल्या छोट्या ताणकाट्यावर त्यांनी टूथपेस्टची नळी तोलली. ती चौदा ग्रॅम कमी भरली. कंपनीला पत्र लिहायला घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नळी महिनाभर वापरातली आहे. पत्र त्यांनी फाडलं, पण संशय पुरता गेला नाही.

रोज सकाळी दहाला आरोग्य कार्यालयातून फोन यायचा. बोलणाऱ्या ताईंचा आवाज एकाच दिवशी दोनशे माणसांची चौकशी केल्यासारखा वाटायचा, आणि ते खरंच होतं.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"वास येतो?"

"येतो. खालच्यांचं दूध उतू गेलंय."

"मनःस्थिती एक ते दहामध्ये सांगा."

"एकपासून का?" साहेबांनी विचारलं. "शून्य कुठे गेलं?"

"साहेब, फॉर्मवर एक ते दहाच आहे."

"बरं, दहा म्हणजे काय?"

"दहा म्हणजे छान."

"कुणाचं छान? तुमचं छान आणि माझं छान एकच आहे, हे कुणी तपासलंय? ताई, ज्या काट्याला प्रमाण नाही, त्याच्यावरचा आकडा सांगणं हा आमच्याकडे गुन्हा आहे."

तिकडून थोडा वेळ नुसती कळफलकाची टकटक आली. मग ताई म्हणाल्या, "रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नाही. मी 'उत्तर देण्यास नकार' लिहिते."

तीन दिवस असा नकार लिहिला गेला, आणि चौथ्या दिवशी दुपारी समुपदेशकाचा फोन आला. त्याचा आवाज इतका मऊ होता, की साहेबांनी आधी आपला फोन हलवून पाहिला.

"डोळे मिटा," समुपदेशक म्हणाला. "समोर समुद्र आहे."

"कोणता?"

"कोणताही."

"भरतीचा की ओहोटीचा? काठाचं अंतर बदलतं."

समुपदेशकाने समुद्र आवरता घेतला. माणूस तरुण पण हुशार होता. म्हणाला, "काका, असं करा, तुमची मोजपट्टी तुम्हीच बनवा. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस म्हणजे दहा. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे शून्य. आजचा दिवस त्यांच्यामध्ये कुठे बसतो, ते रोज बघा."

चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शास्त्राला धरून बोललं होतं. साहेबांनी पेटीतून आलेखाचा कागद काढला, भिंतीवर चिकटवला, शून्य ते दहा रेघा मारल्या, प्रत्येक घराचे दहा भाग केले. शून्य लगेच सापडलं. प्रदर्शनात मोठ्या अधिकाऱ्यांसमोर खात्याचाच तराजू तीन ग्रॅम जास्त दाखवत होता, तो दिवस. दहा शोधायला मात्र अख्खी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस गेला. साहेबांनी एकेक दिवस मनाच्या पारड्यात टाकला, काढला, पुसला, पुन्हा टाकला. चहाच्या वेळी दोन टिचक्या वाजल्या, तेव्हा निकाल हातात होता.

"अगं, थांब जरा," साहेब आतून म्हणाले.

साहेब आपणहून बोलले, हे बाहेर कळायलाच थोडा वेळ लागला असावा. कपबशी किणकिणली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस शोधून काढलाय."

"हो का?" वहिनींचा आवाज एकदम वीसेक वर्षांनी तरुण झाला. "कोणता हो?"

"मला माझ्या नंबरची मोहोर मिळाली तो. सतरा नंबर. त्या दिवशी मी पहिल्या किलोवर ठोका मारला. मी म्हणालो म्हणून तो किलो किलो ठरला."

शहाण्या माणसाने इथे चहा प्यायला असता. पण साहेबांना वाटलं, पद्धत समजावून सांगायला हवी.

"लग्नाचा दिवसही मी विचारात घेतला होता. पण त्या दिवशी बूट चावत होते. साडेसात भरला."

"आणि पोरगी झाली तो?"

"नऊ पूर्णांक एक. दवाखान्यात गाडी लावायला जागा नव्हती. बरं, तुझा दहा कोणता?"

"चहा निवतोय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांची चपला ओढत गेलेली पावलं साहेबांना ऐकू आली.

ते शेवटचं वाक्य. रात्रीच्या ताटाबरोबर नुसत्याच दोन टिचक्या आल्या. सकाळी दोन टिचक्या. दुपारी दोन टिचक्या. भाजीत मीठ बरोबर होतं, आणि साहेबांना नेमकं तेच खटकलं. बोलण्याइतकी रागावलेली बाई मीठ चुकवते. मीठ बरोबर पडतंय म्हणजे राग खोल आहे, असा त्यांनी अंदाज बांधला.

घर मागच्यासारखंच वाजत होतं. भांडं वाजत होतं, नळ वाजत होता, झाडू फरशीवरून सरसरत होता. पण त्या सगळ्यांना एकत्र ओवणारा धागाच निघून गेला होता. ज्या आवाजाला चोवीस वर्षं एका 'हं'वर भागवलं, त्याच्यासाठी साहेब आता दाराला कान लावून बसू लागले. एकदा त्यांनी स्वतःच दोन टिचक्या मारून पाहिल्या. बाहेर झाडू थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. फोन केला तर वहिनी उचलत नव्हत्या. "पाणी आलं का?" असा निरोप पाठवला तर उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला. त्या अंगठ्याकडे साहेब बराच वेळ बघत राहिले. त्यात काही आवाज नव्हता.

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीला त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

"बाबा, तुम्ही आईला हे दशांशासकट सांगितलंत?"

"गोळाबेरीज सांगणं बरोबर दिसलं नसतं."

"आणि मी नऊ पूर्णांक एक?"

"गाडीला जागा मिळाली असती तर साडेनऊपर्यंत गेली असतीस."

मुलगी आधी खूप हसली. मग म्हणाली, "यात मी पडणार नाही. तुम्हीच बोला तिच्याशी." हे कसं करायचं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

भिंतीवरची रेघ उतरू लागली. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी ती सहा पूर्णांक दोनवर होती. सहाव्या दिवशी चार पूर्णांक आठ, सातव्या दिवशी तीन पूर्णांक एक. आता प्रमाण ठरलं होतं, त्यामुळे साहेब ताईंना रोज आकडा सांगत होते. ताई दशांश घेत नव्हत्या, एवढीच त्यांची तक्रार होती.

"तीन लिहिते," ताई म्हणाल्या. "साहेब, तीन का? कारणाचा रकाना आहे."

साहेबांनी पाचएक वेळा घसा साफ केला. मग खरं तेच सांगितलं, कारण दुसरं काही सांगायची त्यांना सवयच नव्हती. "पत्नीचा आवाज ऐकू येत नाही."

टकटक, टकटक. लिहून झालं.

त्याच दुपारी त्यांनी ठरवलं, की वहिनी किती रागावल्यात ते डोळ्यांनी बघायचं. दारावर हवेसाठी ठेवलेला एक झरोका होता. तीन पेट्या दाराशी ओढल्या, त्यांच्यावर चढले, टाचा उंचावल्या आणि झरोक्याला नाक लावणार, इतक्यात वरच्या पेटीला खालच्या पेटीचा कंटाळा आला. साहेब, पेट्या आणि शिलाई मशीन यांनी मिळून जो आवाज केला, तो तीन मजले ऐकू गेला.

"साहेब पडले," वरून ड्रिल मास्तर ओरडले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. साहेब खिडकीशी येऊन, कोपर चोळत, "काही नाही, मोजमाप करत होतो" म्हणेपर्यंत सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

"अशक्तपणा आहे," मास्तर म्हणाले. "मन पडलं की शरीर पडतं. हात वर, साहेब. एक, दोन. श्वास आत."

अख्खी बिल्डिंग बघत असताना हात वर न करणं उद्धटपणाचं दिसलं असतं. दौऱ्यावर गेले की व्यापारी ज्यांना बघून उठून उभे राहत, ते मापसाहेब खिडकीत उभे राहून मास्तरांच्या तालावर हात वर-खाली करू लागले. एक कोपर दुखत असल्यामुळे एकच हात वर जात होता. समोरच्या गॅलरीतल्या आजींना वाटलं, साहेब त्यांनाच हात करताहेत. त्यांनीही केला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र कर्तव्य म्हणून कार्यालयाला कळवलं. त्यामुळे आठव्या दिवशी ताईंनी 'दोन' हा आकडा लिहून घेतला, तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता. आणि संध्याकाळी सेक्रेटरींच्या हाती एक पत्र आलं.

सेक्रेटरींकडे पाण्याच्या वेळा सांगायला एक हातातला कर्णा होता. साहेबांना पत्र हातात देता येत नाही, म्हणून त्यांनी ते अंगणात उभं राहून कर्ण्यातून वाचून दाखवलं.

"सदर इसमाची मनःस्थिती सलग तीन दिवस चारपेक्षा कमी आढळल्यास त्यांना चौदाव्या दिवशी मुक्त करता येणार नाही. त्यांना देखरेखीसाठी शाळेतल्या केंद्रात हलवण्यात येईल. आतापर्यंतचे दिवस, दोन. कारण," इथे सेक्रेटरींनी चष्मा वर केला, "पत्नीचा आवाज ऐकू येत नाही."

संध्याकाळच्या शांततेत ते वाक्य चारी भिंतींना लागून परत आलं. साहेबांनी खिडकी लावून घेतली. खिडकीच्या फटीतून तरीही सगळं येत होतं.

"कानाचं आहे तर हे," एक आवाज म्हणाला. "तेल कोमट करून घाला म्हणावं."

"कानाचं नाही हो, घरातलं आहे," दुसरा आवाज.

सेक्रेटरी खिडकीखाली आले आणि कर्णा बाजूला ठेवून, आपल्या मते हळू, म्हणाले, "साहेब, यात काय एवढं. उद्या आठ सांगा. कोण तपासायला येतंय?"

"मी," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"सत्तावीस वर्षं मी लोकांना तेच विचारत आलोय. दोन असताना आठ कसं दाखवलं? आता मीच दाखवू?"

"अहो, ते वजनाचं. हे मनाचं."

"मनाचं आहे म्हणून जास्त दाखवायचं?"

सेक्रेटरी निघून गेले. साहेब खाटेवर बसले. उद्याचा आकडा त्यांना आजच दिसत होता. शाळेतलं केंद्र त्यांनी मनात पाहिलं. चाळीस खाटा, चाळीस अनोळखी खोकले, आणि दाराबाहेर स्टूल नाही, टिचक्या नाहीत, त्या टिचक्यांमागे उभं असलेलं माणूस नाही. मुकं का होईना, इथे ते चार पावलांवर तरी होतं. साहेबांना कळून चुकलं, की त्यांना केंद्राची भीती वाटत नव्हती. ज्या घरात ही बाई बोलत नाही, त्या घरात चौदाव्या दिवशी बाहेर येण्याचीच भीती वाटत होती.

नवव्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला आणि भिंतीवरच्या आलेखापुढे पेन्सिल घेऊन उभे राहिले.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"मनःस्थिती," ताई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "साहेब, नीट विचार करून सांगा हं."

साहेबांनी पेन्सिल दीडवर टेकवली. तेवढ्यात दारावर दोन टिचक्या वाजल्या. ही ताटाची वेळ नव्हती. चहाचीही नव्हती.

"अहो."

साहेब दाराशी कसे पोचले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पेन्सिल हातातच होती.

"ताई, एक मिनिट," ते मागे वळून म्हणाले, आणि मग दाराला म्हणाले, "रागावलीस ना?"

"रागावले असते तर बरं झालं असतं," बाहेरून वहिनी म्हणाल्या. "सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणतात, वहिनी, दोन शब्द टाका, माणूस घरी राहील. जशी काही मी तुमचं पाणीच तोडलंय."

"मग बोलत का नव्हतीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुन्हा विचारलं असतं. तुझा दहा कोणता. तुम्ही एकदा विचारलेलं सोडत नाही. आणि खोटं सांगायची सोय नाही, तुम्ही लगेच पकडता. म्हणून म्हटलं, तोंडच नको उघडायला."

"मोहोरेचं वाईट नाही वाटलं?"

"साडेसातचं वाटलं थोडं. बूट माझ्या काकांनी घेतले होते. पण मोहोरेचं नाही. उलट हायसं वाटलं."

"हायसं?"

"सांगते. चार दिवस इथेच दाराला टेकून विचार करत होते, तुम्हाला सांगावं का. तुम्ही पेट्यांवरून पडलात, तेव्हाही इथेच होते."

"आणि हाक मारली नाहीस?"

"तोंडावर पदर धरला होता. हसू आवरत नव्हतं."

साहेब दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. पलीकडूनही दार किंचित दबल्यासारखं वाटलं.

"साहेब," खाटेवरून फोन म्हणाला. ताईंचा आवाज आज पहिल्यांदा माणसासारखा येत होता. "मला अजून बेचाळीस फोन आहेत. पण तुमचं झालं असेल तर आकडा सांगा."

"सात," साहेब म्हणाले. "पूर्णांक…"

"सात," ताई घाईने म्हणाल्या. टकटक वाजली, आणि फोन बंद झाला.

साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"आता विचारा," वहिनी म्हणाल्या.

"तुझा दहा कोणता?"

"तुम्ही हसू नका. आणि मनाला लावून घेऊ नका. तुम्ही चार दिवस एकटे पडलात तर दोनवर आलात, आणि माझा दहा निघाला तो एकटीचाच. म्हणून जीभ रेटत नव्हती." त्यांनी घसा साफ केला. "सोळा वर्षांपूर्वी मी बहिणीकडून येत होते आणि दुपारची गाडी चुकली होती, आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय. डेपोला तीन अर्ज केले होते मी. वेळेआधी गाडी सोडली म्हणून. त्या कंडक्टरकडून लेखी खुलासा घेतला त्यांनी. माफी मागायला घरापर्यंत आला होता."

"हो. मी त्याला दोन कप चहा दिला. बिस्किटंही दिली."

"मला तेव्हाच वाटलं होतं, एवढी बिस्किटं कशाला."

"त्या दिवशी मी तिथल्या बाकावर तीन तास बसले," वहिनी म्हणाल्या. "पुडीतले खारे दाणे खाल्ले. समोर एक लिंबाचं झाड होतं, त्याची सावली या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना बघितली. मी कुठे आहे, ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी आई म्हणत नव्हतं, कुणी वहिनी म्हणत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं. नंतरही नाही."

साहेबांनी मान वळवून दाराला कान लावला.

"गाडी वेळेवरच सुटली हो," वहिनी म्हणाल्या. "दहा मिनिटं माझ्यापुढे उभी होती. तो बिचारा दोनदा म्हणाला, बाई, चढा, गाडी सुटतेय. मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढे."